त्या वस्तूला आभाळ किती दिसतं?

एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि हल्ली बऱ्याच केकवाल्यांकडेही पिस्तुलाच्या आकाराचा एक थर्मामीटर असतो. खटका दाबला की समोरच्या वस्तूचं तापमान दाखवतो. जानेवारीतल्या निरभ्र रात्री पुण्या-नाशिककडच्या एखाद्या गच्चीवर उभं राहून तो सरळ डोक्यावर रोखा. हवा १२ अंश असली तरी पडद्यावर उणे २०, कधी त्याहूनही खालचा आकडा येतो. काही स्वस्त यंत्रं आकडा सोडून नुसतं ‘लो’ म्हणतात. यंत्र बिघडलेलं नसतं. आभाळ खरोखरच इतकं थंड ‘दिसतं’, आणि रात्री उघड्यावर पडलेल्या प्रत्येक वस्तूला ते तसंच दिसत असतं. दव, पत्र्याखालची पहाटेची टपटप, वेण्णा तलावाकाठचं हिम, दुर्बिणीची धुरकटलेली भिंग, जुन्या काळचा हिंदुस्थानी बर्फ, या सगळ्यांचं मूळ इथे आहे.

हा थर्मामीटर वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजतो, तीही साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची. नेमक्या ह्याच पट्ट्यात आपलं वातावरण बरंचसं पारदर्शक आहे. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड इतर तरंगलांब्यांची उष्णता अडवून खाली परत पाठवतात. हा पट्टा मात्र कोरड्या हवेत उघडा राहतो. आणि कौल, गवताचं पान, गाडीचा टप, पातेल्यातलं दूध अशा रोजच्या तापमानाच्या वस्तू सगळ्यात जास्त किरणं टाकतात ती १० मायक्रॉनच्या आसपासच. २० अंशाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सुमारे ४२० वॅट बाहेर टाकतो. निरभ्र, कोरडं आभाळ त्याला ३२० ते ३५० वॅट परत देतं. उरलेली ७० ते १०० वॅटची तूट रात्रभर चालू राहते, म्हणून वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. ढग आले की हिशेब मिटतो, कारण खालच्या ढगाचा तळ जमिनीपेक्षा काही अंशांनीच थंड असतो. ‘ढगाळ हवामानामुळे थंडी ओसरली’ ही डिसेंबरातली बातमी म्हणजे हाच हिशेब.

यंत्र वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. १२ः१ असं लिहिलेलं असेल तर १२ फुटांवरून ते एक फूट व्यासाच्या वर्तुळाची सरासरी घेतं. लेझरचा ठिपका फक्त मध्य दाखवतो. डोक्यावरून क्षितिजाकडे नेत गेलात तर आकडा चढत जातो, कारण तिरप्या रेषेत हवेचा थर जाड होतो. दमट मुंबईत पावसाळ्याच्या उघडिपीत तोच माथ्यावरचा आकडा शून्याच्या आसपास येतो. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर ही यंत्रं सपशेल खोटं बोलतात: पॉलिश केलेला धातू स्वतः फार कमी किरणं टाकतो आणि समोरच्या वस्तूंचीच परावर्तित करतो. भांड्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. कपाळाचा ताप मोजणारी गन ह्या कामाची नाही, तिची मर्यादा माणसाच्या अंगाच्या तापमानापुरती बांधलेली असते. सूर्याकडे यंत्र कधीच रोखू नका.

आणखी एक गंमत करून बघा. हातासमोर खिडकीची काच धरून मोजलं तर काचेचं तापमान येतं, हाताचं नाही. काचेऐवजी पातळ पॉलिथिनची पिशवी धरली तर जवळजवळ हाताचंच येतं. डोळ्यांना दोन्ही पारदर्शक, पण १० मायक्रॉनला काच भिंत असते आणि पॉलिथिन जवळपास नसल्यातच जमा. ही गोष्ट शेतात महागात पडते, ती पुढे येईलच.

दवाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: त्या वस्तूला आभाळ किती दिसतं? रस्त्यावर लावलेल्या गाडीचा टप आणि पुढची काच ओलीचिंब असते, दरवाज्यांच्या काचा बऱ्यापैकी कोरड्या, कारण उभ्या काचेच्या नजरेत अर्धं आभाळ आणि अर्धी जमीन-घरं येतात. भिंतीकडची बाजू त्याहून कोरडी. झाडाखालची गाडी सुटते, कारण तिला वर दिसतात ती जवळजवळ हवेच्याच तापमानाची पानं. ‘दव पडतं’ म्हणतात तरी ते वरून येत नाही. गार झालेल्या पृष्ठभागाला टेकलेल्या हवेतल्या वाफेचं तिथेच पाणी होतं. काचेवर रात्री पुठ्ठा किंवा जुनी चादर टाकली तर पुठ्ठा ओला होईल, काच नाही. वारा असेल तर मात्र सगळाच बेत फसतो, कारण तो वरची उबदार हवा सतत खाली आणून टाकतो.

हे एवढं कळलं की इंटरनेटवर फिरणारा एक दावा लगेच उकलतो. चांदण्यात ठेवलेलं पाणी चंद्राच्या सावलीत ठेवलेल्या पाण्यापेक्षा थंड होतं, म्हणजे चंद्रप्रकाश थंड करतो, असं थर्मामीटर दाखवून सांगतात. मोजमाप बरोबर असतं, निष्कर्ष चुकीचा. चंद्राची सावली पाडायला जी फळी किंवा छत्री धरलेली असते तीच आभाळही झाकते. पौर्णिमेच्या चंद्राकडून प्रकाश आणि उष्णता मिळून जे काही येतं ते चौरस मीटरला वॅटच्या शंभराव्या भागांत मोजावं लागतं, आणि ते गरमच असतं. अमावास्येला तीच फळी धरा, तोच फरक मिळेल.

कोजागरी बरोबर ह्या ऋतूच्या तोंडाशी येते. मॉन्सून परतलेला असतो, आभाळ धुतलेलं, जमिनीत ओल, म्हणून आश्विनातल्या पौर्णिमेला गच्चीवरच्या सतरंज्या ओलसर लागतात. मसाला दुधाबद्दल मात्र प्रामाणिक राहायला हवं. उकळतं दूध उतरवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ते गार होतं मुख्यतः बाष्पीभवनाने आणि वाऱ्याने. साय धरली की बाष्पीभवन मंदावतं. म्हणून लवकर निववायचं असेल तर पसरट भांडं घ्या आणि पळीने ढवळत राहा. आभाळाचा हात लागतो तो दूध कोमट झाल्यावर. आणि चंद्र दिसेपर्यंत दूध दोन तासांपेक्षा जास्त तसंच ठेवू नका. केशर-वेलची घातल्याने जिवाणू थांबत नाहीत.

आता बर्फ. फ्रिज नव्हते तेव्हा उत्तर हिंदुस्थानच्या सपाट मैदानात बर्फ तयार करत, तोही हवा शून्य अंशाला पोचलेली नसताना. सर रॉबर्ट बार्कर ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली अलाहाबादकडची पद्धत तपशिलात लिहून ठेवली. मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. तळाला ८ इंचांपासून फूटभर जाडीचा उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा थर. त्यावर ओळीने मांडलेले मातीचे बिनझिलईचे पातळ परळ, सव्वा इंच खोल. संध्याकाळी त्यांत उकळून निववलेलं पाणी भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत गोठलेले पापुद्रे काढून १४-१५ फूट खोल, पेंढा आणि घोंगड्यांनी मढवलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यात ठोकून बसवायचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. ह्या साठ्यावर उन्हाळ्यात सरबतं थंड होत.

मातीच्या सच्छिद्र परळातून पाणी पाझरतं, त्याच्या बाष्पीभवनाने बर्फ होतो, असा तेव्हाचा समज. आपल्या माठामुळे तो पटकन पटतोही. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स ह्यांनी १८१४ च्या दवावरच्या निबंधात तो खोडला. बाष्पीभवनाला वारा हवा, पण बर्फ सगळ्यात चांगला होतो तो वारा पूर्ण पडलेल्या रात्री. चिपाडं ओली झाली की बर्फ होत नाही, म्हणजे तो थर गारव्यासाठी नव्हे, जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून आहे. वेल्स ह्यांची स्वतःची साधनं अगदी साधी होती: तोलून घेतलेले लोकरीचे पुंजके. चार खांबांवर उभी केलेली फळी, एक पुंजका तिच्यावर, एक तिच्या खाली. सकाळी वजन केलं तर वरच्याने खालच्याच्या कितीतरी पट पाणी धरलेलं. दव वरून पडत असतं तर उघड्यावर उभ्या केलेल्या मातीच्या नळीत तेवढंच पडलं असतं. तिथेही कमीच भरलं, कारण नळीतल्या लोकरीला आभाळाचा छोटासा तुकडाच दिसत होता. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिलं. स्वस्तात झालेलं इतकं नेटकं विज्ञान दुर्मीळच.

इराणात हीच युक्ती वास्तुशास्त्रात मुरली. यझ्द-कर्मानच्या वाळवंटी पट्ट्यात ‘यख्चाल’ नावाचे मातीचे उंच, शंकूसारखे घुमट उभे आहेत. मेबोद गावचा प्रसिद्ध आहे. घुमट साठवणीचा. बर्फ होतो शेजारच्या उथळ हौदात, आणि त्या हौदाच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम लांब, उंच भिंत असते. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दिवसभर हौद तिच्या सावलीत. भिंत उत्तरेला बांधली असती तर उन्हाने तापून तिने हौदाला शेक दिला असता. घुमटाच्या भिंती पायथ्याशी दोन मीटरपर्यंत जाड, चिकणमाती, वाळू, चुना, राख, अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग आणि बकऱ्याचे केस अशा मिश्रणाने लिंपलेल्या. मुंबई-कलकत्त्याला मात्र दमट हवेमुळे असलं काही नीट साधणं कठीण. १८३३ साली बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर ह्यांचं बर्फ भरलेलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि पुढे मुंबई-मद्रासलाही अमेरिकन तळ्यांतला बर्फ येऊ लागला. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे. ते आज विवेकानंद भवन आहे.

घरी करून बघायचं तर हवा ५-६ अंशांच्या खाली, आभाळ स्वच्छ आणि वारा शून्य अशी रात्र हवी. जाड थर्माकोलचा खोका जमिनीपासून थोडा उंच ठेवा, आत काळा प्लॅस्टिकचा उथळ ट्रे, त्यात फक्त ५ मिलिमीटर पाणी. स्टीलचं ताट नको. खोक्याच्या तोंडावर पातळ पॉलिथिन ताणून लावा. ते वारा अडवेल, किरणं जाऊ देईल. काचेचं झाकण लावलंत तर काच गार होईल, पाणी नाही. पाणी जास्त भरणं ही नेहमीची चूक: पाणी गार करायलाच रात्र संपते, आणि गोठताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी आणखी काढाव्या लागतात. पुण्यात बहुतेक रात्री बर्फ होणार नाही, पण हवेपेक्षा काही अंश गार पाणी नक्की मिळेल.

महाबळेश्वरला हे सगळं आयतं घडतं. वेधशाळेत पारा ७-८ अंशांवर आणि वेण्णा तलाव, लिंगमळा भागात गाड्यांच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण, अशी बातमी आली की कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. दोन्ही खरं असतं. वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो. त्याला आभाळ दिसतच नाही, तो हवेचंच तापमान मोजतो. गवताचं पान हवेच्या ४-५ अंश खाली जाऊ शकतं. शिवाय गार झालेली जड हवा उतारावरून सरकत वेण्णाच्या खोलगटात साचते, म्हणून तिथली हवाच गावातल्यापेक्षा थंड. सातपुड्यात डाब, वालंब्याकडेही असंच होतं. हवामान खाते गवताच्या पातळीवरचं किमान तापमान वेगळं मोजतं ते ह्यासाठीच, आणि शेतकऱ्याच्या कामाचा आकडा खरं तर तोच आहे.

निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे ठिबक सुरू होतं, नाहीतर पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात. ह्यात पाण्याचा उपयोग पक्का आहे: ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालची ऊब वर आणून देते, भुसभुशीत कोरडी माती ती अडवून धरते. म्हणून थंडीच्या लाटेआधी कुळवणी करून माती मोकळी करणं टाळावं. शेकोटीचा धूर मात्र आपण समजतो तितका कामाचा नाही. धुराचे कण १० मायक्रॉनच्या किरणांपुढे फार बारीक, ती त्यांच्यामधून आरामात निघून जातात. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा आणि हवा घुसळली जाण्याचा. त्यामुळे एक मोठा ढीग पेटवण्यापेक्षा बागभर लहान लहान शेकोट्या बऱ्या. पिकावर आच्छादन घालायचं तर जुनी साडी, शेडनेट किंवा नॉनवोव्हन कापड पारदर्शक पॉलिथिनपेक्षा भरवशाचं. कोरडं पातळ पॉलिथिन उष्णता सरळ जाऊ देतं. त्याच्या आतल्या बाजूला थेंबांचा पडदा धरला की मग ते अडवायला लागतं, कारण पाणी ह्या किरणांना अपारदर्शक. पॉलिहाऊससाठी उष्णता अडवणारं द्रव्य मिसळलेली वेगळी फिल्म मिळते. रोपवाटिकेला ती घ्यावी.

दवाचं थेट पीक म्हणजे हरभऱ्याची आंब. हरभऱ्याच्या पानांवरचे बारीक केस रात्री आम्ल पाझरतात, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. ते दवात विरघळतं. फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंतच्या दिवसांत संध्याकाळी स्वच्छ धुतलेलं मलमल किंवा पंचा झाडांवर अंथरायचा आणि उन्हं यायच्या आत काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात पिळायचा. तांब्या-पितळेचं भांडं चालत नाही, आम्ल धातूला खातं. पाऊस झाला की पानं धुतली जातात, पुढचे काही दिवस आंब फिकी येते. फवारणी केलेल्या शेतातली अजिबात घेऊ नये आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्झॅलिकमुळे लांबच राहावं. अपचनावर थेंबांच्या मापाने घ्यायची ही गोष्ट, सरबतासारखी प्यायची नाही. ह्या शेतातून अनवाणी चाललं की पाय का चुरचुरतात त्याचंही उत्तर हेच.

निव्वळ पाण्यासाठी दव गोळा करायचं तर गणित कडक आहे. चौरस मीटरला ६० वॅटची तूट दहा तास धरली तर सगळी उष्णता वाफेचं पाणी करण्यात गेली तरी पाणी ९०० ग्रॅमच्या आत. प्रत्यक्षात चांगल्या रात्री अर्धा लिटर मिळालं तरी पुष्कळ. कच्छमध्ये कोठारा इथे अहमदाबादच्या आयआयएममधले गिरजा शरण ह्यांनी पॉलिथिनच्या तिरक्या पट्ट्यांवर असं संकलन उभं केलं. तिथे समुद्राची ओल आणि कोरड्या ऋतूतलं उघडं आभाळ दोन्ही मिळतं. ‘हवेतून रोज शेकडो लिटर, वीज नको’ अशी जाहिरात दिसली तर ह्या ९०० ग्रॅमने भागून बघा.

घराच्या पत्र्याचीही हीच कथा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे गोठ्यात, पोल्ट्रीत किंवा शेडमध्ये पत्र्याखालून टपटप सुरू होते आणि लोक गळती शोधत वर चढतात. पत्रा आभाळाला उष्णता देऊन गार झालेला असतो आणि खालची जनावरांच्या श्वासाची, ओल्या जमिनीची वाफ त्याच्या पोटाला लागून थेंब होते. स्क्रू घट्ट करून हे थांबत नाही. आढ्याजवळ वाफ बाहेर जायला फट ठेवा किंवा पत्र्याच्या खालून फोमचा थर द्या, मग आतल्या हवेला गार पत्रा भेटत नाही. कोरा चकचकीत जस्ताचा पत्रा किरणं कमी टाकतो, म्हणून रात्री कमी गार होतो. आणि त्याच कारणाने दिवसा घेतलेलं ऊन त्याला सोडता येत नाही, तो चटके देतो. रंग दिला की तो मोकळेपणाने उष्णता टाकू लागतो. ह्या तरंगलांबीत पांढरा आणि काळा रंग सारखेच ‘काळे’ असतात; दोघांत फरक पडतो तो दिवसा. गच्चीला चुना मारणं शहाणपणाचं ठरतं ते असं: ऊन परत, उष्णता वर. स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चांदीवर हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिकाचे सात थर दिलेला पत्रा भर उन्हात हवेपेक्षा सुमारे ५ अंश गार ठेवून दाखवला. पर्ड्यू विद्यापीठाचा २०२१ चा बेरियम सल्फेटचा रंग ९८.१ टक्के ऊन परतवतो. आपल्याकडे अडचण धुळीची: वर्षभरात पांढरं करडं होतं, चुना तर पहिल्या पावसातच जातो.

सोलर पॅनलवर दवाने धूळ भिजते आणि उन्हाने वाळून तिचा थर धरतो. तो पुसायची वेळ पहाटेचीच, दव असताना, मऊ रबरी पट्टीने. दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारू नये. काचेला झटका बसतो आणि क्षारांचे डाग राहतात ते वेगळेच.

दुर्बिणीवाल्यांचं दुखणं सगळ्यात मोठं, कारण दुर्बीण रात्रभर नेमकी आभाळाकडेच बघत असते. वांगणी-कर्जतकडे डिसेंबरात जेमिनिड उल्कावर्षाव बघायला जाणाऱ्यांच्या दुर्बिणी मध्यरात्रीनंतर एकेक करून आंधळ्या होतात. सगळ्यात आधी शोधक दुर्बीण (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), मग श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या दुर्बिणीची पुढची काच. न्यूटनच्या प्रकारच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, त्याला आभाळ थोडंच दिसतं, म्हणून तो टिकतो. उपाय पुन्हा आभाळ झाकण्याचाच: ६ मिलिमीटर जाडीच्या योगा मॅटची गुंडाळी करून पुढे लावा, लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट, आतून काळा कागद. ८ इंची दुर्बिणीला १२ ते १६ इंच. ती तिरपी बसली तर कडेचे तारे कापले जातात. फार दमट रात्री १२ व्होल्टची तापणारी पट्टी भिंगाच्या कडेला, पण हलकी. जास्त तापवली तर भिंगासमोरची हवा थरथरते आणि गुरूचे पट्टे दिसेनासे होतात. काच रुमालाने पुसायची नाही. लेपावर धूळ घासली जाते आणि पाच मिनिटांत दव पुन्हा जमतं. हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून वारा द्या. घरी आणताना मात्र भिंग आधी कोरडं करून टोपण बाहेरच लावा, पेटी बंद करून आत न्या आणि सकाळपर्यंत उघडू नका. दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं झालं की सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. ओलसर दुर्बीण टोपण लावून महिनाभर कपाटात राहिली तर भिंगावर बुरशीचे तंतू धरतात, आणि ती काचेचा लेप कायमचा खाते.